हौसाक्कांची कोरडी माती

हौसाक्कांनी आभाळावर कधी विश्वास ठेवला नाही. गणपती गेले, पाऊस थांबला, चांगलं ऊन पडलं आणि गल्लीतल्या बायकांनी नवरात्राच्या गोधड्या धुवायला काढल्या, की आक्का नर्सरीच्या दारात उभ्या राहून कपाळावर हात धरायच्या, वर बघायच्या आणि म्हणायच्या, "लई गोड हसालंय. ह्याच्या मनात कायतरी हाय."

बऱ्याचदा ते खरं व्हायचं. दोरीवरच्या गोधड्या भिजायच्या आणि बायका आक्कांवर चिडायच्या, जणू पाऊस त्यांनीच बोलावला.

त्यांची नर्सरी गारगोटी रस्त्याला, आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला होती. फार मोठी नव्हती. तारेचं कुंपण, हिरव्या जाळीचा मांडव, त्याखाली गुलाब, झेंडू, तुळशी आणि शेवंतीच्या ओळी. कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली काळ्या मातीचा एक ढीग. त्या ढिगाबद्दल मला लिहायचं आहे, पण आधी आक्का कशा होत्या ते सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही.

मी काम मागायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "कुणी पाठवलं तुला?" असं विचारलं.

"कुणी न्हाय," मी म्हटलं.

"पलीकडच्या नर्सरीवाल्यानं?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी खुरपं दिलं आणि स्वतः एका पालथ्या कुंडीवर बसून राहिल्या. मी वाफ्यातलं तण काढत पुढं सरकत होते, त्या माझ्यामागून बोटानं माती उकरत येत होत्या. एका ठिकाणी थांबून त्यांनी लव्हाळ्याची काळी गाठ वर काढली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

"वरनं तोडलंस. गाठ तिथंच हाय. पावसाची एक सर आली की पुन्यांदा वर यील आन् आपल्यालाच हसंल."

संध्याकाळी रशीदभाईंना त्या माझ्याबद्दल सांगत होत्या ते मी ऐकलं; नाव त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असणार. रशीदभाईंचं शेजारीच सिमेंटच्या कुंड्या करायचं काम होतं, नर्सरीचे पत्रे, दारं, जाळ्या तेच बसवून द्यायचे. आक्का म्हणाल्या, "शालन ठीक हाय. जास्त बोलत न्हाय म्हणून ठेवली. पर जास्त बोलत न्हाय म्हणूनच ध्यान ठेवलं पायजे."

पावसाळा सरताना नर्सरीत कामं फार असतात. रोज सकाळी कुंड्या तिरक्या करून साठलेलं पाणी काढायचं. पानांखालच्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. शेवंतीला काटक्यांचा आधार बांधायचा, खालची पिवळी पानं खुडायची, नाहीतर काळा डाग वर चढतो. गुलाब छाटायचे आणि कापल्या जागी शेण-हळद लावायची. पण यातलं कुठलंही काम आक्का सांगितलं आणि केलं असं होऊ देत नसत. वाफ्यात पाय टाकायच्या आधी त्या मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळायच्या आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायच्या. लाडू फुटला तर वाफसा आला म्हणायचं आणि खुरपी हातात घ्यायची. नुसता चपटा झाला तर दिवसभर आत कुणी जायचं नाही. "वल्ल्या मातीत पाय टाकलास तर ती इटंगत घट्ट हुती," म्हणायच्या, "आन् मग वरीसभर डूख धरती."

रशीदभाईंची कुंडी घेताना त्या प्रत्येक कुंडीच्या बुडाच्या भोकातून जाड तार घालून बघत. रशीदभाई कंटाळून म्हणायचे, "आक्का, कुंडी बघालाय का सोयरीक करालाय?"

"पोरगी एकदा बघून भागतंय. कुंडीला पावसात बसायचं हाय."

"माझ्या कुंडीचं होल आजतागायत बुजलं न्हाय."

"म्हणूनच बघालोय. आजवर बुजलं न्हाय म्हंजे आता बुजायची पाळी आली."

एकदा रशीदभाईंनी आक्कांना मोबाईल दाखवला. "हे बघा, आठवडाभर ऊन हाय. गुलाब छाटून टाका."

आक्कांनी मोबाईल हातात न घेता वाकून बघितला. "मोबाईलवर ऊन हाय ना? मग माझ्या चार कुंड्या मोबाईलवर ठेवा."

गिऱ्हाईकांवर तर त्यांचा अजिबात भरवसा नव्हता. रोपाचं जो जास्त कौतुक करतो तो रोप घेत नाही, फांदी मोडून नेतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा चांगल्या साडीतल्या एक बाई आल्या. जांभळ्या शेवंतीजवळ बराच वेळ थांबल्या, किती सुंदर, किती सुंदर म्हणाल्या, दोन तुळशी घेतल्या आणि निघाल्या. आक्का त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. मला वाटलं आता भांडण होणार. आक्कांनी ओल्या फडक्याची एक चिंधी त्यांच्या हातात ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "पर्समधल्या फांदीला गुंडाळा. घरी जाईस्तवर सुकंल न्हायतर." त्या बाईंनी चिंधी घेतली. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता त्या ढिगाचं.

आमच्या गल्लीतली बहुतेक माणसं खेड्यातून आलेली. पुरुष शिरोलीच्या नाहीतर कागलच्या एमआयडीसीत. शेत मागं राहिलं, पण घट बसवायची रीत बरोबर आली. घटाला काळी माती लागते. नवरात्रात बाहेरची माती चिखल झालेली असते, ती घातली की धान्य उगवायच्या आधी कुजतं. म्हणून आक्का भर उन्हाळ्यात काळी माती आणून, वाळवून, चाळून पत्र्याखाली ठेवायच्या. घटाच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन यायच्या. आक्का त्याचे पैसे घेत नसत. चौकशी मात्र करायच्या.

"मडकं नवं हाय का?"

"व्हय आक्का."

"पाणी कोण घालणार?"

"मी आन् सासूबाई."

"एकीनंच घालायचं. दोघींनी घातलं की दोघीबी म्हणत्यात, मी थोडंच घातलं. मडकं पाझरतंय तेवढी वल भागती. वरनं नुसता हात शिंपडायचा. आन् उंदीर?"

बायका बाहेर येऊन हसायच्या. पण त्यांचे घट हातभर उगवायचे आणि हसणाऱ्या त्याच बायका दसऱ्याला ते तुरे डोक्यात खोवायच्या. गल्लीत आक्कांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, त्यांना नवरा नव्हता म्हणून. माती मात्र सगळ्यांच्या देव्हाऱ्यापुढं त्यांचीच असायची. याचा त्यांना किती अभिमान होता ते मला ठाऊक आहे. पावसाळाभर रोज संध्याकाळी त्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून बघायच्या, आणि हात कोरडा निघाला की तो पदराला पुसतसुद्धा नसत.

एका वर्षी गणपती गेले तरी पाऊस गेलाच नाही. भिंतींना ओल चढली. कपडे पंख्याखाली वाळवले तरी कुबट वास येई. डब्यातलं मीठ पाझरलं, डाळीला जाळी लागली. नर्सरीत आम्ही रोज चर खोदायचो आणि ते रोज भरायचे. शेवंतीची मुळं काळी पडली. पण पत्र्याखालचा ढीग कोरडा ठणठणीत राहिला. त्या वर्षी बायका नेहमीपेक्षा लवकर आल्या.

गल्लीच्या टोकाच्या घरातल्या यमुनाकाकूही आल्या. बरोबर नवी सून रूपाली होती, त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. काकूंचा मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटावर होता, दिवाळीपर्यंत कायम होईल असं त्या सगळ्यांना सांगत. सुनेचं पहिलं नवरात्र, म्हणून टोपलीसुद्धा नवी आणली होती.

पाचव्या माळेला यमुनाकाकू छत्रीशिवाय भिजत नर्सरीच्या दारात आल्या.

"हौसा, काय घातलंस मातीत?"

आक्का शेवंती बांधत होत्या. त्यांनी दोरा तोंडातून काढला. "कुठल्या मातीत?"

"सगळ्या गल्लीचं उगवलं. बोटबोट वर आलंय. माझंच कसं न्हाय? वास यायलाय देवापुढं. माझ्या टोपलीत वायली माती घातलीस तू."

"एकाच ढिगातली हाय."

"माझ्या लेकाचं चांगलं व्हायला लागलंय, ते बघवंना तुला. तुझ्या घरात न्हाय कोण, म्हणून दुसऱ्याच्या घरात—"

"यमुना," आक्का म्हणाल्या, "चल. दाखीव."

त्या चप्पल घालून निघाल्या. मला हाताला धरून बरोबर नेलं. आम्ही पोचेपर्यंत दारात चारपाच बायका जमल्या होत्या. आक्कांनी पाय धुतले, आत जाऊन घटापासून हातभर लांब बसल्या. घट हलवायचा नसतो, त्यात हात घालायचा नसतो. त्यांनी नुसतं वाकून बघितलं, वास घेतला. मातीवर एकही हिरवा कोंब नव्हता. मडक्याभोवती दाणे फुगून करडे झाले होते आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी आली होती.

"पाणी कोण घालतंय?"

"ही," काकूंनी सुनेकडं बोट केलं. रूपाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"नुसतं शिंपडते," ती म्हणाली. आवाज जेमतेम आला.

आक्कांनी पुन्हा एकदा वाकून दाणे बघितले. मग म्हणाल्या, "पेरून राहिलेलं धान्य हाय का?"

रूपाली आत गेली. एवढ्याशा कामाला तिला फार वेळ लागला. मग वाटी घेऊन आली. आक्कांनी एक गव्हाचा दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि फोडला. मी शेजारीच होते. कच्चा गहू असा फुटत नाही. तो जरा चिवट असतो, दातांना पीठ लागतं. हा कुडकन फुटला. आक्कांनी रूपालीकडं बघितलं. रूपाली जमिनीकडं बघत होती.

"काय हाय?" यमुनाकाकूंनी विचारलं. "धान्यात काय हाय?"

आक्कांनी वाटीतलं सगळं धान्य स्वतःच्या पदरात ओतून गाठ मारली.

"धान्य चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "माती माझी भिजली. पत्रा गळला आसंल कुठंतरी. तुझी टोपली त्याच अंगाची भरली गेली."

दारातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आक्कांनी स्वतःची चूक कबूल केलेली कुणी ऐकली नव्हती. मग यमुनाकाकू बोलल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. आक्का मान खाली घालून ऐकत होत्या. पदराची गाठ मुठीत घट्ट धरली होती.

परत येताना मी विचारलं, "आक्का, माती कोरडी हुती. मीच तर टोपली भरली."

"व्हय."

"मग?"

"दाणं शेकल्यात." त्या चालत राहिल्या. "धान्य घामेजलं आसंल. म्हातारी म्हणाली आसंल, पेरायच्या आधी ऊन दाखव. ऊन कुठाय ह्या पावसात? पोरीनं तवा दाखवला."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. "मग सांगायचं की. चुकून झालं तिच्याकडनं."

आक्का थांबल्या. "त्या म्हातारीचा मला भरवसा न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यावर डूख धरला तर काय करंल? माती न्यायची न्हाय. पोरीवर धरला तर? पयलं नवरात्र, देवापुढचं धान मारलं तिनं, आन् उद्या लेकाचं कायम झालं न्हाय तर त्येबी हिच्याच डोस्क्यावर. एका घरात ऱ्हायचं हाय तिला."

नर्सरीत रशीदभाई वाट बघत होते. गल्लीतली गोष्ट आमच्याआधी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"आक्का, पत्रा मी घातलाय. एक थेंब गळत न्हाय. माझ्या कामावर आळ?"

"गप बसा की."

"का गप बसू? चारचौघांत सांगितलासा."

"तुमच्या पत्र्याला सासू न्हाय," आक्का म्हणाल्या आणि पदरातलं धान्य त्यांनी रशीदभाईंच्या कोंबड्यांपुढं टाकलं. रशीदभाई कोंबड्यांकडं बघत राहिले. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण पत्र्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर गल्ली बदलली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. पण झेंडू घ्यायला आलेल्या बायका आता रोपाची माती चिमटीत धरून बघायच्या. दुसऱ्यांनी आपल्याकडं असं बघितल्यावर आक्कांना कसं वाटतं ते मी बघत होते. त्या रोप पिशवीतून काढून मुळांसकट दाखवायच्या.

दिवाळीच्या आधी काकूंचा मुलगा कायम झाला. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, नर्सरीचं दार सोडून. रशीदभाईंनी आपला पेढा अर्धा करून आक्कांना आणून दिला. आक्कांनी तो हुंगून बघितला आणि कुंडीच्या काठावर ठेवला. "मुंग्या लागत्यात का बघू आधी." मुंग्या लागल्या. मग म्हणाल्या, "आता काय खायचा."

पुढच्या उन्हाळ्यातही त्यांनी माती आणली, वाळवली, चाळली. मी म्हटलं, यंदा एवढी कशाला? त्यांनी चाळणी झटकली आणि पुढची टोपली ओतली. पावसाळाभर हात खुपसून बघायचं मात्र चालूच होतं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गुडघ्यांमुळं आक्का गारगोटीला दिलेल्या लेकीकडं गेल्या आणि तिथंच पुढच्या थंडीत वारल्या. मी जाऊ शकले नाही. म्हणून मला आक्का दिसतात त्या जाण्याआधीच्या नवरात्रातल्या, घटाच्या आदल्या संध्याकाळच्या.

पाऊस भुरभुरत होता. बाजारात आता घटाची माती पिशवीत मिळते. गल्लीतल्या बायका तीच घेऊन येताना दिसत होत्या आणि नर्सरीसमोरून जाताना पिशवी दुसऱ्या हातात घेत होत्या. आक्का डोक्यावर प्लास्टिक घेऊन दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, आत या, भिजताय. "मी काय वाट बघत न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्या दाराचं बिजागरं ढिल्लं झालंय, ते बघालोय."

अंधार पडायच्या सुमाराला रूपाली आली. मागच्या वाटेनं नाही, गल्लीतून, सगळ्यांसमोरून, टोपली कमरेवर घेऊन. आक्कांनी काही विचारायच्या आत तिनं पदराची गाठ सोडली आणि धान्य आक्कांपुढं धरलं. आक्कांनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांची नजर गल्लीच्या कोपऱ्यावर होती. तिथं यमुनाकाकू छत्री घेऊन उभ्या होत्या.

"काल सांगितलं मी सासूबाईंना," रूपाली म्हणाली. "तव्याचं."

"का सांगितलंस?"

"त्या बाजारातनं माती आणालत्या. मला ऱ्हावलं न्हाय."

"काय म्हणाली?"

"बोलल्या. लई बोलल्या. मग जेवल्या न्हाईत. आन् सकाळी म्हणाल्या, माती हौसाकडनंच आणायची."

आक्कांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तिचा हात धरला, ब्लाऊजची बाही वर सारली, दंड उजेडाकडं फिरवून बघितला. मग दुसरा. मग हनुवटीला धरून चेहरा. रूपालीनं सगळं बघू दिलं.

"खरंच नुसतं बोलल्या, आक्का."

आक्का आत गेल्या. टोपली स्वतः भरली, मला हात लावू दिला नाही. रूपालीनं टोपली घ्यायला हात पुढं केले तर तिलाही दिली नाही. डोक्यावरचं प्लास्टिक काढून त्यांनी ते मातीवर झाकलं, टोपली कमरेवर घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत गल्लीतून थेट यमुनाकाकूंपर्यंत चालत गेल्या. दारादारांतून बायका बघत होत्या.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. वाऱ्यानं टोपलीवरचं प्लास्टिक उडालं, तशी यमुनाकाकूंनी हातातली छत्री पुढं केली आणि टोपलीवर धरली. दोघींच्याही पाठी भिजत होत्या. मी लांबून बघत होते. आक्का मान वर करून छत्रीचं कापड निरखत होत्या, कुठं भोक आहे का ते.